फोटोतली चादर वाळलेली होती

गुरुवारी सकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीतला फोन वाजायला लागला तो दुपारपर्यंत थांबेचना. शेवटी फोनवर बसणारी मुलगीच उठून आली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच येऊन बसा तिकडे. आता शिव्यासुद्धा नव्या ऐकू येत नाहीत. सगळ्या एकेकदा होऊन गेल्या."

ज्या बाईला ती हे सांगत होती तिला कचेरीत आणि बाहेरही सगळे 'कात्री' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. बावीस वर्षं ती नाटक-सिनेमांवर लिहीत होती. तिने चिरफाड केली की दिग्दर्शक दोन दिवस घराबाहेर पडत नसत, आणि तिने स्तुती केली की त्यांना संशय यायचा. लोक चिडले की तिला तरतरी यायची. त्या गुरुवारी ती इतकी तरतरीत होती की चहा प्यायची आठवणही राहिली नाही.

संपादक आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. "आजचा अंक दहाच्या आत संपला," ते म्हणाले, "आणि मालकांचाही फोन येऊन गेला. मी खूश व्हावं की घाबरावं, तेच कळत नाहीये."

"आलटून पालटून दोन्ही करा," कात्री म्हणाली.

भानगड अशी होती. चाळीस वर्षांपूर्वी शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीतल्या बायकांनी संप केला होता. चादरी दाबायच्या तापलेल्या रुळाखाली एका मुलीची बोटं सापडली, तेव्हा रुळाला जाळी बसवा एवढंच त्यांचं मागणं होतं. अठरा दिवस त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. एकोणिसाव्या दिवशी एका फोटोग्राफरने रस्त्यावरून इस्पितळाच्या गच्चीचा एक फोटो काढला. गच्चीच्या कडेला एक तरुण बाई, दोन्ही हात वर, आणि तिच्या डोक्यावर वाऱ्याने फुगलेली पांढरीशुभ्र चादर. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर आला. 'गच्चीवर संप फडकला!' संध्याकाळपर्यंत इस्पितळासमोर हजारो माणसं गोळा झाली. तीन दिवसांत रुळाला जाळी बसली.

तेव्हापासून हा फोटो शहरात कुठे नाही असं नाही. शाळेच्या पुस्तकात, भिंतींवर, पोरांच्या सदऱ्यांवर, कपांवर. चाळीस वर्षं समीक्षक त्याच्यावर तुटून पडले होते. एकाने त्याला श्रमाचा झेंडा म्हटलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं की पांढरा रंग शरणागतीचा, म्हणजे हा विजयाचा नव्हे, पराभवाचा फोटो. तिसऱ्याने तर त्या चादरीवर चारशे पानांचा ग्रंथ लिहिला होता, आणि त्यात चादर हा शब्द शेवटच्या प्रकरणापर्यंत येतच नव्हता.

आता त्या संपावर सिनेमा आला होता. कात्रीने सिनेमाची सालटी काढलीच, पण तेवढ्यावर ती थांबली नाही. शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिलं: 'मुळात हा फोटोच मला रचलेला वाटतो. वारा अगदी हवा तिथे, उजेड अगदी हवा तसा, आणि त्या बाईचा आविर्भाव तर थेट रंगमंचावरचा. ती संपकरी नसून नटी असावी. आपण चाळीस वर्षं एका जाहिरातीला सलाम करत आलो आहोत.'

पेटलं ते यावरून.

तीनच्या सुमाराला फोनवरची मुलगी पुन्हा आली. "ही वेगळी आहे," ती म्हणाली. "शिव्या देत नाहीये. तुमच्याशीच बोलायचंय म्हणते."

कात्रीने फोन घेतला. पलीकडून म्हाताऱ्या बाईचा, पण खणखणीत आवाज आला.

"सिनेमावर लिहिता त्या तुम्हीच का?"

"हो, मीच."

"फोटोतली चादर ओली आहे की वाळलेली?"

"म्हणजे?"

"सोपं विचारलंय. ओली की वाळलेली? आधी ते बघा, मग लिहा. तुम्ही लिहिलंत ते चूक आहे, आणि सिनेमावाले दाखवतात तेही चूक आहे. मी त्या लाँड्रीत होते." तिने पत्ता सांगितला, दोनदा सांगितला, आणि फोन ठेवून दिला.

कात्री धावतच जुन्या अंकांच्या खोलीत गेली. मूळ फोटोची मोठी प्रत काढून तिने खिडकीशी धरली, भिंग लावलं. हा फोटो तिने हजार वेळा तरी पाहिला असेल. उजेड, रेषा, हात, आकाश, सगळं पाठ होतं. पण ओली की वाळलेली? तिला सांगता येईना. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं की समोर चित्र आहे आणि त्याच्याबद्दल विचारलेल्या साध्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही. फोटो बगलेत मारून ती तशीच जिना उतरली.

ती बाई तिसऱ्या मजल्यावर राहत होती. दार सुनेने उघडलं, आत वळून हाक मारली, "आई, आल्या बघा त्या पेपरवाल्या!" आणि कात्रीला हळूच म्हणाली, "सकाळपासून घरात आमची खैर नाही. तुमचा लेख त्यांनी तीन वेळा वाचून दाखवलाय, प्रत्येक वेळी आवाज चढत गेला."

एकाहत्तर वर्षांची ती बाई टेबलावर नातवंडांचे शाळेचे कपडे इस्त्री करत होती. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना, चकचकीत डाग. तिने कात्रीला बस म्हटलं नाही. हात पुढे केला, फोटो घेतला, इस्त्रीच्या टेबलावर पसरला.

"बघितलंत?"

"बघितलं. नाही कळलं मला," कात्री म्हणाली. हे वाक्य तिने शेवटचं कधी उच्चारलं होतं तिचं तिलाच आठवेना.

म्हातारी जराशी निवळली. "ओली चादर उचललीय कधी? दोन बायका लागतात. कितीही वारा असू दे, ती अशी फुगत नाही, लोंबते. ही फुगलीय, म्हणजे वाळलीय. आता इथं भिंग धरा. मधोमध ही आडवी रेघ दिसते? ती दोरीची. दोन-तीन तास दोरीवर पडली की तिथं घडी उमटते. आता मला सांगा, दोरीवर वाळून झालेली चादर कुठली बाई वाळत घालायला वर उचलेल?"

कात्रीने भिंग त्या रेघेवर धरलं. "कुणीच नाही."

"आणि तिचे पाय बघा. वर टाकणारी बाई टाचा उचलते. ही टाचा रोवून मागे रेललीय. ती चादर चढवत नाहीये हो, ओढतेय. ओढून काढतेय!"

"कोण आहे ती?"

"माझी नणंद," म्हातारी म्हणाली. "आणि चादरी मी घातल्या होत्या."

सून दारात हातात कप घेऊन उभीच राहिली. तिलाही हे आजच कळत होतं.

मग म्हातारीने, त्या नणंदेच्या वहिनीने, सांगितलं. संपात लाँड्रीतल्या बेचाळीस जणी होत्या. तिची नणंद सर्वांत तरुण, चोवीस वर्षांची, पण संघटनेची चिटणीस तीच. तिच्या जिभेपुढे इस्पितळाचे अधिकारीसुद्धा टिकायचे नाहीत. एकोणिसाव्या दिवशी सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर वहिनीच्या घरी आली. कपाटात एक चादर उरली नव्हती. बायका कागदावर निजत होत्या, तान्ही पोरं टॉवेलात गुंडाळली होती. सिस्टर रडली नाही, विनवण्या केल्या नाहीत. नुसतं सांगून गेली.

"मी सहा जणींना गोळा केलं. मागच्या दाराने आत शिरलो. बॉयलर बंद, वाफ नाही, म्हणून हौदात पायाने तुडवून धुतल्या. दोनशे दहा चादरी. वाळवायचं यंत्रही बंद, म्हणून गच्चीवर दोऱ्या बांधल्या. नणंदेला पत्ता लागला दुपारी, तेव्हा वर मी एकटीच होते. ती जी वर आली! फितूर म्हणाली मला. तिच्या सख्ख्या भावाच्या बायकोला! आणि लागली चादरी ओढायला. तेवढ्यात खाली तो फोटोवाला."

"मग तुम्ही चाळीस वर्षं गप्प का राहिलात?"

"दुसऱ्या दिवशी पेपरात आम्हीच झेंडा झालो ना! आता सांगणार काय, की तो झेंडा नव्हता, बाळंतिणींच्या चादरी होत्या, आणि आम्ही संप मोडला होता? जाळी बसली असती का?" तिने इस्त्री आपटून उभी केली. "नणंद त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. लग्नकार्याला येते, सगळ्यांशी हसते, मी दिसले की तोंड फिरवते. तिचा भाऊ गेला तेव्हा माझ्या शेजारी तीन तास बसली. एक शब्द नाही."

"मग आज मला का सांगताय?"

वहिनीने मान वर केली. डोळ्यांत नुसता संताप होता.

"तुम्ही तिला नटी म्हणालात. माझं तिच्याशी पटत नाही, तो आमच्या घरचा मामला. ती हट्टी आहे, तोंडाळ आहे, पण नटी? त्या बाईने आयुष्यात खोटा एक आव आणला नाही. तिला नटी म्हणायचं नाही!"

जिना उतरताना कात्रीचे पाय जमिनीला लागत नव्हते. चाळीस वर्षांतले सगळे समीक्षक, झेंडावाले, शरणागतीवाले, चारशे पानांवाले आणि ती स्वतः, सगळेच्या सगळे तोंडावर आपटले होते, आणि ती चूक दाखवली होती एका दोरीच्या घडीने. तिला खजील वाटायला हवं होतं. तसं वाटतही होतं. पण त्याच्या कितीतरी वर तिला असं वाटत होतं की रस्त्यातल्या पहिल्या माणसाला धरून गदागदा हलवावं आणि हे सगळं सांगावं.

संपादकांना तिने फोनवरच सांगितलं. त्यांनी तिच्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं.

"म्हणजे तू चुकलीस," शेवटी ते म्हणाले.

"चांगलीच."

"आणि बाकीचेही चुकले."

"सगळे!"

"सोमवारचं पहिलं पान," संपादक म्हणाले. "पण त्या नणंदेला विचारल्याशिवाय एक अक्षर नाही."

नणंद एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर राहत होती. शनिवारी सकाळी कात्रीने कडी वाजवली तेव्हा खाली कुणीतरी चाकाला ठोके घालत होतं, आणि दार उघडलं तेव्हा चौसष्ट वर्षांची, काटकुळी, ताठ बाई समोर उभी होती. केस पांढरे, पण हात फोटोतलेच. लांब आणि दणकट.

"कात्री ना तुम्ही?" ती म्हणाली. "बघायला आलात होय, नटी घरात कशी दिसते?"

कात्रीने रात्रभर चार प्रस्तावना तयार केल्या होत्या. एकही आठवली नाही. ती एवढंच म्हणाली, "चादर वाळलेली होती."

नणंदेचा हात दारावरच थबकला. खालचे ठोके चालूच होते. मग ती बाजूला झाली आणि कात्री आत गेली. खोलीत पुस्तकं, जुनी पत्रकं, एक पलंग, खिडकीत दोन कुंड्या. तो फोटो कुठेच लावलेला नव्हता.

"तिनं सांगितलं?"

"हो. मी तुम्हाला नटी म्हटलेलं त्यांना सोसलं नाही. मला उभं आडवं घेतलं त्यांनी."

"वहिनीनं?" नणंद पलंगावर बसली. "माझ्यासाठी?" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "मग पुढचंही सांगितलं असेल."

"पुढचं काय?"

"नाही सांगितलं? ती अशीच. स्वतःचा मोठेपणा निघाला की तिथून पुढचं गाळते. ऐका. दोन चादरी मी खाली टाकल्या, तिसरी ओढली. तोच फोटो. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून एक बाई ओरडली. काखेत इवलंसं पोर, अंगावर नुसता इस्पितळाचा झगा. म्हणाली, 'अहो ताई, वाळल्या का? पहिली मला द्या हं!' तिला वाटलं मी तिच्यासाठीच काढतेय. आता काय करणार? हातात चादर, समोर ती. मी म्हटलं, वाळल्या, आणते. आणि घडी घालायला लागले. एकटीला कुठे जमतेय एवढी मोठी चादर? वहिनी येऊन दुसरी टोकं धरून उभी राहिली. एक शब्द न बोलता आम्ही दोघींनी मिळून सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या. मी तिच्याकडे रागाने बघत होते, ती माझ्याकडे, आणि हात चाललेले. खाली फोटोवाला तोवर निघून गेला होता. त्याला तो फोटो नाही मिळाला."

कात्री वहीत लिहीत होती, आणि अक्षर इतकं वेडंवाकडं होत होतं की नंतर तिलाही ते लागलं नसतं.

"मग अबोला कसला?"

"तो दुसऱ्या दिवशीचा. पेपर आला, गर्दी लोटली. वहिनी म्हणाली, खरं काय ते सांगून टाकू, लोकांना कळेल. मी म्हटलं, कुणी तोंड उघडलंत तर याद राखा, संप जिंकतोय. मी तिला गप्प बसवलं. आणि मग चाळीस वर्षं प्रत्येक सभेत मीच त्या फोटोखाली उभी राहिले. तिच्याकडे बघायचं कोणत्या तोंडाने?"

"मी हे छापू का?"

नणंदेने खिडकीबाहेर पाहिलं. "उद्या चार वाजता इस्पितळाच्या सभागृहात चाळिसाव्या वर्षाचा कार्यक्रम आहे. सिनेमावाला येणार, माझा सत्कार करणार. तुम्ही या. आधी तिथं सगळ्यांसमोर बोला, मग खुशाल छापा. कागदाच्या आडून शूर व्हायला काही लागत नाही."

रविवारी पावणेचारलाच सभागृह भरलं होतं. पायऱ्यांवर, खिडक्यांत माणसं. आजच्या लाँड्रीतल्या बायका निळ्या डगल्यांतच आल्या होत्या, कारण त्यांची पाळी पाचला सुरू व्हायची होती. मंचावर भिंतभर तो फोटो. कात्री दारातून आत आली तशी कुजबुज उठली, आणि ती मधल्या वाटेपर्यंत पोचली तोवर चक्क हुर्यो सुरू झाली. कुणीतरी वर्तमानपत्राचा बोळा तिच्यावर भिरकावला. तिच्याच लेखाचा. तिचे कान तापले, पण खरी गंमत म्हणजे ती घाबरली नव्हती. शाळेत बक्षीस घ्यायला जायची तशी ती भराभर पुढे गेली.

नणंदेने माइक हातात घेतला. "या बाईंना बोलायचंय. बोलू द्या. नंतर काय मारायचं ते मारा."

"मी चुकले," कात्री म्हणाली, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ती टाळ्या संपायची वाट बघत राहिली. "हा फोटो रचलेला नाही. या नटी नाहीत. फोटो खरा आहे." पुन्हा टाळ्या. "पण तो जे सांगतो असं आपण समजतो, ते खरं नाही. ही चादर संपाचा झेंडा नाही. ती बाळंतिणीच्या पलंगावरची आहे, आणि ती वर चढत नाहीये. खाली येतेय."

टाळ्या वाजता वाजता तुटल्या. मग एकदम सगळेच बोलायला लागले. पहिल्या रांगेतून सिनेमाचा दिग्दर्शक उठला. गोरामोरा झाला होता.

"तुम्ही काय बोलताय कळतंय का? तीन वर्षं घालवलीत मी! आणि आज, चाळीस वर्षांनी, तुम्ही पुन्हा संप मोडताय!"

"संप तुम्ही कधी मोडलाय का?" मागून आवाज आला. "मी मोडलाय. मला विचारा."

शेवटच्या रांगेत वहिनी उभी होती. सुनेने तिचा दंड धरला होता, तो तिने सोडवून घेतला.

"दोनशे दहा चादरी मी धुतल्या. संप चालू असताना. मागच्या दाराने जाऊन."

"फितूर!" कुणीतरी तरुण ओरडला.

"ए!" नणंदेचा आवाज माइकमधून असा फुटला की वरचा दिवा थरथरला. "तो शब्द त्या बाईसाठी आयुष्यात एकदा वापरला गेलाय आणि वापरणारी मी होते. दुसऱ्या कुणाला तो हक्क नाही. वहिनी, पुढे या."

"तुम्ही खाली या, वन्सं. माझे गुडघे दुखतात."

लोक हसले. नणंद माइक घेऊनच मंचावरून उतरली. वायर पुरेना, ती ताणत ताणत अर्ध्या वाटेपर्यंत आली. वहिनी मागून चालत आली. आणि भर सभेत, चारशे माणसांच्या मध्यात, दोघींची जुंपली.

"मला विचारलं का नाहीत? चिटणीस होते मी!"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नसते म्हणाले! पण विचारायचं तरी!"

"आणि तुम्ही मला खरं बोलू दिलंत का? चाळीस वर्षं मी चोरासारखी!"

"जाळी बसली की नाही? त्यानंतर एका तरी मुलीचं बोट गेलं?"

"आणि त्या बायका कागदावर निजल्या असत्या तर चाललं असतं?"

"नसतं चाललं! मी कुठं म्हणतेय चाललं असतं! घड्या नाही घातल्या का मी?"

"हो, घातल्यात. वाकड्या."

सभागृहात हशा उसळला. पण त्या हशातच एका खांबाजवळ एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "हौदात मीपण होते." मग खिडकीतून दुसरी, "मीही होते." तिसऱ्या बाईला उठवत नव्हतं, तिने नुसता हात वर केला. सात जणींतल्या चार उरल्या होत्या, आणि चौघीही तिथंच होत्या. प्रत्येक वर्षी यायच्या, फोटोखाली बसायच्या आणि गप्प परत जायच्या. दिग्दर्शक बघत राहिला होता. मग त्याने खिशातून कागद काढला आणि खाली बसून भराभर लिहायला लागला.

तेवढ्यात निळ्या डगल्यांतली एक मुलगी पुढे आली. "आम्हाला पाचला जायचंय, म्हणून पटकन विचारते," ती म्हणाली. "नव्या यंत्राचं झाकण उघडं असलं तरी ते फिरत राहतं. दोनदा सांगून झालं, कुणी ऐकत नाही. आम्ही काम बंद करायचं म्हणतोय. मग वॉर्डांतल्या चादरींचं काय? धुवायच्या की नाही?"

फोटोपुढे चाळीस वर्षं भाषणं झाली होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण फोटोत त्याची जागाच नव्हती.

"धुवायच्या," वहिनी म्हणाली.

"नाही धुवायच्या," नणंद म्हणाली, त्याच क्षणी.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग नणंद त्या मुलीकडे वळली. "तुम्ही सगळ्या आधी एका खोलीत बसा. भांडा. कुठल्या वॉर्डाच्या धुवायच्या, कोण धुणार, सगळं आधीच ठरवा. आणि धुवायच्या ठरल्या तर पुढच्या दाराने जा, फलक घेऊन जा, सगळ्यांना सांगून जा. आम्ही ते केलं नाही. वहिनीने मला विचारलं नाही, आणि मी तिला बोलू दिलं नाही. आमचं इथं चुकलं, बाकी कुठं नाही."

वहिनीने मान डोलावली, आणि ती मान डोलावणं माइकमध्ये आलं नाही तरी सगळ्यांना दिसलं.

सोमवारी लेख पहिल्या पानावर आला. पहिलंच वाक्य होतं: 'गेल्या गुरुवारी मी एका बाईला नटी म्हटलं आणि एका फोटोला खोटं म्हटलं. दोन्ही बाबतींत मला नीट बघता आलं नव्हतं.' फोन पुन्हा खणखणला. निम्मे लोक म्हणाले, तुम्ही आमच्या संपाला काळं फासलं. निम्मे म्हणाले, तुम्ही आता भावनेच्या भरात वाहवत गेलात, जुनी कात्रीच बरी होती. चारशे पानांच्या ग्रंथाच्या लेखकाने कळवलं की वाळलेल्या चादरीनेही त्याच्या सिद्धांताला बाधा येत नाही. दिग्दर्शकाने सिनेमाचा शेवट बदलायचं ठरवलं आणि निर्मात्याने त्याला ठाम नकार दिला. ते भांडण अजून चालू आहे. सभागृहातल्या फोटोखालची ओळ बदलायला समिती नेमली गेली, आणि दोन बैठकांत समितीचे तीन तुकडे झाले.

वहिनी आणि नणंद यांचं एकदम गूळपीठ झालं असं मात्र नाही. सून सांगते, आता रोज सकाळी आठला फोन येतो आणि दोघी अर्धा तास एकमेकींची उणीदुणी काढतात. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर सासूबाईंना चैन पडत नाही, आणि त्या स्वतःच फोन करून भांडण सुरू करतात.

तीन आठवड्यांनी निळ्या डगल्यांतल्या बायकांची बैठक भरली, इस्पितळाच्या तळमजल्यावर, लाँड्रीशेजारच्या खोलीत. दोन्ही म्हाताऱ्यांना खास बोलावलं होतं. कात्रीलाही कुणकुण लागली आणि ती वही घेऊन हजर झाली. दारात ती मुलगीच उभी होती.

"सॉरी हं, बाई," ती म्हणाली. "आत फक्त लाँड्रीवाल्या. ठरलंय तसं."

दार बंद झालं. कात्री बाहेरच्या बाकावर बसली. भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर होती, हवेला साबणाचा आणि गरम कापडाचा वास होता. थोड्या वेळाने आतून आवाज चढायला लागले. आधी एक, मग चार, मग इतके की कोण काय म्हणतंय ते अजिबात कळेना. मध्येच सगळ्या हसल्या, मध्येच कुणीतरी टेबलावर हात आपटला, मग पुन्हा गदारोळ. कात्रीने वही उघडली, पेन काढलं. एक शब्दही ऐकू येत नव्हता. तिने पेन परत ठेवलं, बाकाच्या टोकाशी सरकून कान भिंतीला लावला, आणि तशीच, श्वास रोखून, साडेतीन तास बसून राहिली.